शेत, खाण आणि स्वारी: १९०० ते १९३० मधल्या यंत्रांविषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

रोटाव्हेटर, नांगर, खाणीतला टोपीचा दिवा, सायकलचा गिअर, बुलेटची किक. या रोजच्या वस्तूंची मुळे शोधत गेले की बहुतेक वेळा १९०० ते १९३० या तीस वर्षांत जाऊन पोहोचायला होते. या काळातल्या यंत्रांविषयी जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारले जातात, त्यांची उत्तरे इथे एकत्र दिली आहेत. काही उत्तरे लांबली आहेत, कारण तिथे सांगण्यासारखे खूप आहे. काही दोन-चार ओळींत आटोपली आहेत.

शेती, खाणकाम आणि स्वारी यांचा एकमेकांशी काय संबंध?

संबंध कारागिरांचा आहे. इंग्लंडमधल्या बिगल्सवेड गावचा डॅन अल्बोन हा सायकली बनवणारा माणूस. गावातल्या आयव्हेल नदीचे नाव त्याने आपल्या सायकलींना दिले, आणि १९०२ साली त्याच नावाचा शेतीचा ट्रॅक्टर बाजारात आणला. अमेरिकेतल्या डेन्व्हर शहरात जॉर्ज लेनर खाणीत दगड फोडायची ड्रिल बनवत होता, आणि आयुष्याच्या शेवटच्या टप्प्यात तोही ट्रॅक्टरकडे वळला. आणि आपल्याकडे बेळगावात १८८८ साली ज्या किर्लोस्कर बंधूंनी सायकलचे दुकान काढले, त्यांनीच पुढे लोखंडी नांगर केला.

हा योगायोग नाही. सायकल दुरुस्त करणाऱ्याला बेअरिंग कळते, चेन कळते, हलके पण मजबूत लोखंड कसे वाकवायचे ते कळते. गिऱ्हाईक समोर उभे राहून तक्रार करते, त्यामुळे वस्तू कुठे मोडते हेही कळते. या काळातले बरेच शोध प्रयोगशाळेत न लागता अशा दुकानांत आणि छोट्या कारखान्यांत लागले. ज्याने यंत्र केले आणि ज्याने ते वापरले, त्या दोघांत अंतर थोडे होते, म्हणून ती यंत्रे टिकली असे माझे स्पष्ट मत आहे.

जगातला पहिला ट्रॅक्टर कोणाचा?

‘पहिला’ म्हणजे काय धरायचे यावर उत्तर बदलते. पेट्रोलच्या इंजिनावर पुढे आणि मागे जाणारे शेतीयंत्र आयोवा राज्यातल्या जॉन फ्रोलिक यांनी १८९२ मध्ये चालवून दाखवले. पण त्यातून मोठा धंदा उभा राहिला नाही. विस्कॉन्सिन विद्यापीठात शिकताना एकत्र आलेले चार्ल्स हार्ट आणि चार्ल्स पार यांनी आयोवातल्या चार्ल्स सिटी इथे कारखाना काढला आणि १९०२ पासून ट्रॅक्टर विकायला सुरुवात केली. त्यांनी इंजिन थंड ठेवायला पाण्याऐवजी तेल वापरले, कारण आयोवातल्या थंडीत पाणी गोठते आणि इंजिनाचा ठोकळा तडकतो.

अल्बोनचा आयव्हेल मात्र मला या सगळ्यांत जास्त महत्त्वाचा वाटतो. त्या वेळची वाफेची इंजिने इतकी अवजड होती की शेतात घातली की माती दाबून टाकत. आयव्हेल तीन चाकांचा, दीड टनाच्या आसपास वजनाचा. तो नांगरही ओढायचा आणि पट्टा लावला की मळणीयंत्रही फिरवायचा. हलके आणि अनेक कामांचे यंत्र ही कल्पना सायकलवाल्याच्या डोक्यातून आली, यात नवल नाही. अल्बोन १९०६ साली अवघ्या सेहेचाळिसाव्या वर्षी गेला आणि त्याच्यामागे कंपनीही फार काळ टिकली नाही.

पट्ट्यांवर चालणाऱ्या ट्रॅक्टरला ‘कॅटरपिलर’ नाव कसे पडले?

कॅलिफोर्नियातल्या स्टॉकटन शहराजवळ नद्यांच्या मुखाशी गाळाची, अतिशय मऊ जमीन आहे. पीक सोन्यासारखे, पण वाफेचे इंजिन आत गेले की रुतलेच. बेंजामिन होल्ट यांनी आधी चाके रुंद करून पाहिली. ती वाढत वाढत यंत्राची एकूण रुंदी ४६ फुटांपर्यंत गेली! असे यंत्र वळवायचे कसे आणि रस्त्याने न्यायचे कसे? मग त्यांनी चाकेच काढली आणि त्या जागी लाकडी फळ्या जोडलेले अखंड पट्टे बसवले. २४ नोव्हेंबर १९०४ रोजी रॉबर्ट्स आयलंडवर चाचणी झाली आणि यंत्र न रुतता चालले. पुढच्या वर्षी फोटो काढायला आलेले चार्ल्स क्लेमेंट्स म्हणाले की हे सुरवंटासारखे, म्हणजे इंग्रजीत ‘कॅटरपिलर’सारखे, सरपटते आहे. होल्ट यांनी तेच नाव उचलले आणि १९१० मध्ये नोंदवून घेतले.

अर्थात पट्ट्याची कल्पना एकट्या होल्टची नव्हे. मेन राज्यातल्या ॲल्विन लोम्बार्ड यांनी बर्फातून लाकडे ओढण्यासाठी १९०१ मध्येच पट्ट्यांच्या इंजिनाचे पेटंट घेतले होते. इंग्लंडच्या हॉर्न्सबी कंपनीत डेव्हिड रॉबर्ट्स यांनीही असेच यंत्र केले होते, पण तिथे गिऱ्हाईक मिळेना, म्हणून ते हक्क १९१४ मध्ये होल्ट यांनाच विकले गेले. त्यानंतर दोनच वर्षांत ब्रिटिश सैन्याने अशाच पट्ट्यांवर चालणारे रणगाडे लढाईत उतरवले. आज रस्त्याच्या कामावर दिसणारी पिवळी कॅटरपिलर यंत्रे ज्या कंपनीची, ती १९२५ साली होल्ट आणि त्यांचे प्रतिस्पर्धी बेस्ट यांच्या एकत्रीकरणातून जन्मली.

फोर्डसन ट्रॅक्टर माणसे मारायचा, हे खरे आहे का?

दुर्दैवाने खरे आहे. हेन्री फोर्ड यांनी १९१७ मध्ये फोर्डसन बाजारात आणला. पहिला मोठा माल युद्धात अन्नटंचाईला तोंड देणाऱ्या ब्रिटनला गेला. त्यात वेगळी चौकट नव्हती. इंजिन, गिअरबॉक्स आणि मागचा आस यांचे ओतीव भाग एकमेकांना बोल्टने जोडले की तोच ट्रॅक्टरचा सांगाडा. त्यामुळे तो स्वस्त पडला, १९२२ मध्ये किंमत ३९५ डॉलरपर्यंत उतरली.

पण मागे जोडलेला नांगर एखाद्या दगडात किंवा मुळात अडकला की मागची चाके थांबायची आणि इंजिनाची ताकद ट्रॅक्टरच्या पुढच्या भागाला उचलायची. क्षणात ट्रॅक्टर मागे उलटून चालकावर पडायचा.

यावरचा खरा उपाय उत्तर आयर्लंडच्या हॅरी फर्ग्युसन यांनी काढला. नांगर साखळीने ओढण्याऐवजी त्यांनी तो तीन दांड्यांनी ट्रॅक्टरला असा जोडला की नांगर अडकला तर वरची दांडी पुढे रेटते आणि ट्रॅक्टरचे नाक जमिनीकडे दाबले जाते. शिवाय हायड्रॉलिकने नांगर उचलता येऊ लागला. विसाच्या दशकात सुरू झालेले हे काम १९३९ मध्ये फोर्डच्याच नव्या ट्रॅक्टरवर मोठ्या प्रमाणात आले. आज आपल्याकडच्या कुठल्याही कंपनीच्या ट्रॅक्टरमागे उभे राहून पाहा, दोन दांड्या खाली आणि एक वर, तीच रचना दिसेल. लाल मॅसी फर्ग्युसनच्या नावातला फर्ग्युसन हाच.

लक्ष्मणराव किर्लोस्करांचा लोखंडी नांगर दोन वर्षे विकला गेला नाही म्हणतात. शेतकऱ्यांना तो का नको होता?

हा प्रश्न सर्वांत जास्त विचारला जातो, आणि त्याचे उत्तर बहुतेक ठिकाणी एका वाक्यात उरकले जाते: लोखंडाने जमीन विषारी होते अशी अंधश्रद्धा होती. अशी समजूत होती हे खरे. पण तेवढ्यावर थांबणे शेतकऱ्यांवर अन्याय करणारे आहे.

लाकडी नांगर काय होता ते पाहू. बाभळीचे लाकूड, पुढे लोखंडी फाळ, इसाड म्हणजे लांब दांडा जुवाला बांधलेला, मागे धरायला रुमणे. हा नांगर गावचा सुतार करायचा, फाळ लोहार शेवटून, म्हणजे तापवून-ठोकून धार काढून, द्यायचा, आणि दोघांनाही पैसे न देता सुगीला बलुते दिले जायचे. मोडला तर त्याच दिवशी गावातच दुरुस्त. तो जमीन उकरतो, पण पलटत नाही. माती दोन्ही बाजूंना सरकते आणि मध्ये तास पडते.

लोखंडी नांगराचे काम वेगळे. त्याचा फाळ मातीची आडवी वडी खालून कापतो आणि फाळामागचा वळणदार पत्रा ती वडी उचलून पूर्ण उलटी टाकतो. वरचे गवत खाली गाडले जाते, खालची मुळे उन्हात येतात. काळ्या रानात हरळी आणि कुंदा ही तणे माजली की लाकडी नांगराचे काही चालत नाही, कारण ही मुळे खोल जातात आणि वरवर तुटली तर पुन्हा जोमाने फुटतात. तिथे पलटी नांगर हेच औषध.

मात्र या औषधाची किंमत मोठी होती. नांगर रोख पैसे देऊन घ्यायचा. खोल नांगरायला एक बैलजोडी पुरत नाही, दोन-तीन जोड्या लागतात. लहान शेतकऱ्याकडे एवढे बैल कुठले? म्हणजे शेजाऱ्यांशी इर्जिक करायची, एकमेकांचे बैल आळीपाळीने वापरायचे. फाळ झिजला तर गावच्या लोहाराला ते ओतीव लोखंड शेवटता येत नाही, नवा फाळच लागतो, तोही रोखीने आणि शहरातून. जो माणूस पावसाच्या भरवशावर जगतो, त्याने ‘आधी दुसऱ्याच्या रानात चालताना बघू’ म्हटले तर त्यात चूक काय? नांगर लोकांनी डोळ्यांनी चालताना पाहिला आणि सुटे भाग वेळेवर मिळतील याची खात्री पटली, तेव्हा तो विकला जाऊ लागला. इंग्लंडच्या रॅन्सम्स कंपनीचे नांगर त्याआधी दख्खनमध्ये येत होते. पहिल्या महायुद्धात परदेशी माल येणे अवघड झाले, तेव्हा जवळच्या कारखान्याचे महत्त्व आणखी वाढले.

लक्ष्मणरावांविषयी एक गोष्ट मुद्दाम सांगावीशी वाटते. ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकायला गेले होते. काही रंग त्यांना ओळखता येत नाहीत हे लक्षात आल्यावर ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले आणि व्हिक्टोरिया ज्युबिली टेक्निकल इन्स्टिट्यूटमध्ये शिकवू लागले. तिथे बढतीत डावलले गेल्यावर त्यांनी नोकरी सोडली आणि बेळगाव गाठले. सायकलचे दुकान थोरले बंधू रामूअण्णा सांभाळत होतेच. नांगराच्याही आधी त्यांनी केलेले यंत्र म्हणजे कडबा कापायचे यंत्र, आजच्या कडबाकुट्टीचे पूर्वज. शेतकऱ्याच्या गोठ्यापासून सुरुवात करणे हे मला फार शहाणपणाचे वाटते. कडबा कापून घातला की वैरण वाया जात नाही, हा फायदा त्याच आठवड्यात दिसतो, त्यासाठी हंगामाची वाट पाहावी लागत नाही.

किर्लोस्करवाडी ओसाड माळावर का वसवली?

बेळगावात कारखान्याची जागा नगरपालिकेला हवी होती, त्यामुळे हलणे भाग पडले. औंध संस्थानचे अधिपती बाळासाहेब पंतप्रतिनिधी यांनी कुंडल रोड स्टेशनाजवळची ३२ एकर जमीन दिली. माळ कसला, निवडुंगाचे रान आणि त्यात साप. पण शेजारी रेल्वे होती, आणि लोखंड-कोळसा आणायला, नांगर पाठवायला तीच हवी होती. १० मार्च १९१० रोजी वसाहतीची सुरुवात झाली. शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी जिद्दीची माणसे बरोबर होती. शिक्षा भोगून आलेल्यांनाही लक्ष्मणरावांनी राखणीच्या कामावर विश्वासाने ठेवले. नांगराबरोबर उसाचे चरक, भुईमूग फोडायची यंत्रे आणि पुढे पाण्याचे पंप इथे तयार झाले. आज हे गाव सांगली जिल्ह्यातल्या पलूस तालुक्यात आहे आणि पुणे-मिरज रेल्वेमार्गावर त्याच नावाचे स्टेशन आहे.

रोटाव्हेटर कोणत्या देशातला?

ऑस्ट्रेलियातला. न्यू साउथ वेल्समधल्या गिलगांड्रा इथे आर्थर क्लिफर्ड हॉवर्ड या शेतकऱ्याच्या मुलाने १९१२ मध्ये वडिलांच्या वाफेच्या ट्रॅक्टरच्या इंजिनाने फिरणारी कुदळ चालवून पाहिली. पहिल्या प्रयोगांत पाती माती बाजूला भिरकावत. मग त्याने इंग्रजी एल अक्षरासारखी वाकवलेली पाती छोट्या चकत्यांवर बसवली, आणि माती जागच्या जागी भुसभुशीत होऊ लागली. १९२० मध्ये पेटंट आणि १९२२ मध्ये कंपनी. आज तुमच्या रोटाव्हेटरचे झिजलेले पाते हातात घेतले तर तोच वाक दिसेल.

एक गोष्ट जाता जाता. हॉवर्डचा उद्देश माती न दाबता मोकळी करण्याचा होता. आपण दरवर्षी एकाच खोलीवर रोटाव्हेटर मारत राहिलो तर पात्यांच्या खाली कठीण थर तयार होतो आणि पाणी मुरत नाही. अधूनमधून खोल नांगरट लागतेच.

आडवे पडलेले पीक कापणारे यंत्रही त्याच काळातले का?

हो. तेही ऑस्ट्रेलियाचेच. हेंटी गावच्या हेडली टेलर या तरुण शेतकऱ्याने केलेले यंत्र १९१४ च्या सुमारास तयार झाले. त्याचे लांब दात पडलेल्या गव्हाच्या खाली शिरून ओंब्या उचलायचे. १९१६ मध्ये शेतीयंत्रे बनवणाऱ्या एच. व्ही. मॅके यांच्या कंपनीने हक्क घेतले आणि टेलरलाही कामावर घेतले.

खाणीतला कार्बाइडचा दिवा कसा चालायचा?

न्यूयॉर्कच्या फ्रेडरिक बाल्डविन यांनी १९०० मध्ये कार्बाइडच्या छोट्या दिव्याचे पेटंट घेतले. मूठभर आकाराची पितळी डबी, तिचे दोन मजले. खालच्या मजल्यात कॅल्शियम कार्बाइडचे राखाडी खडे, वरच्यात पाणी. वरचा स्क्रू थोडा फिरवला की पाणी थेंब थेंब खाली पडते, खडे फसफसतात आणि ॲसिटिलीन वायू निघतो. तो समोरच्या बारीक छिद्रातून बाहेर येतो आणि पेटवला की पांढरीशुभ्र ज्योत उभी राहते. ज्योतीमागे चकचकीत वाटी, प्रकाश पुढे फेकायला. मागे आकडा, टोपीला अडकवायला. पाणी जास्त सोडले की ज्योत मोठी, कमी केले की लहान. काम संपले की खड्यांचा चुन्यासारखा लगदा उरतो.

आंबे पिकवायला बेकायदा कार्बाइड वापरल्याच्या बातम्या आपण दर उन्हाळ्यात वाचतो. ते आणि हे एकच.

तेलाच्या दिव्यापेक्षा हा कितीतरी उजळ आणि कमी काजळीचा. सोने, तांबे, जस्त यांच्या खाणींत तो झपाट्याने पसरला. पण तो उघडी ज्योत होता. कोळशाच्या खाणीत मिथेन हा पेट घेणारा वायू साचतो, तिथे असा दिवा म्हणजे मृत्यूला बोलावणे.

मग कोळशाच्या खाणीत काय वापरायचे?

ज्योतीभोवती जाळी असलेला सेफ्टी लॅम्प १८१५ पासून होता, पण त्याचा उजेड मिणमिणता. १९१४-१५ च्या सुमारास एडिसन यांनी टोपीवर विजेचा दिवा आणि कमरेला निकेल-लोखंडाची बॅटरी अशी जोडी आणली. ती पूर्ण पाळीभर चालायची, आणि १९१५ मध्ये अमेरिकेच्या ब्युरो ऑफ माइन्सने तिला मान्यता दिली.

इथे एक बारकावा आहे. विजेचा दिवा मिथेन पेटवत नाही, पण मिथेन आहे हे सांगतही नाही. सेफ्टी लॅम्पच्या ज्योतीवर मात्र निळसर टोपी चढते आणि तिच्या उंचीवरून वायूचे प्रमाण ताडता येते. म्हणून विजेचे दिवे आल्यावरही तपासणी करणाऱ्याच्या हातात जुना दिवा राहिलाच. चंद्रपूर, यवतमाळ, नागपूरकडच्या कोळसा खाणींत नोकरीसाठी मायनिंग सरदारकीची, म्हणजे खाणीतल्या मुकादमाची, परीक्षा देणाऱ्या मुलांना गॅस टेस्टिंगचे प्रमाणपत्र काढावे लागते, त्यामागची परंपरा हीच.

‘विधवा करणारे यंत्र’ असे कोणत्या यंत्राला म्हणत?

दाबलेल्या हवेवर चालणाऱ्या ड्रिलला. जुन्या यंत्रांत पहार आणि दट्ट्या एकत्र जोडलेले असत आणि पूर्ण वजन मागे-पुढे जायचे. जॉर्ज लेनर यांनी १८९७ च्या सुमारास पहार जागेवर ठेवली आणि तिच्या मागच्या टोकावर हलका हातोडा वेगाने आपटवला. वेग कैक पटींनी वाढला. भोकातला चुरा बाहेर काढायला पहारेतून आरपार छिद्र ठेवून त्यातून हवा सोडली. चुरा तर बाहेर आला, पण त्याबरोबर दगडाच्या धुळीचे लोट उठले. खाणकामगारांनी यंत्र चालवायला नकार दिला आणि विकलेली यंत्रे लेनर यांना परत घ्यावी लागली.

गारेची ती धूळ फुप्फुसात बसते आणि परत निघत नाही. सिलिकोसिस. तरुण माणूस काही वर्षांत धाप लागून मरतो, म्हणून ते भयंकर नाव.

लेनर यांनी मग त्याच छिद्रातून हवेबरोबर पाणी सोडले. धूळ जन्मतानाच भिजून चिखल होऊन खाली वाहू लागली. एवढा साधा उपाय, पण माझ्या लेखी या काळातला सर्वांत मोठ्या मोलाचा शोध हा आहे. तरीही पाण्याची नळी टाकायचा खर्च आणि खटाटोप नको म्हणून कित्येक खाणींत वर्षानुवर्षे कोरडीच ड्रिल चालत राहिली. आजही दगडखाणींत आणि खडी क्रशरवर कोरडी धूळ उडताना दिसते. पाण्याचा फवारा मारणे ही सव्वाशे वर्षांची जुनी माहिती आहे. ती माहीत नव्हती असे आता कुणालाच म्हणता येणार नाही.

खाणीत कॅनरी पक्षी कशासाठी नेत?

कार्बन मोनॉक्साइड ओळखण्यासाठी. या वायूला रंग नाही, वास नाही. स्फोटानंतर मरणारे पुष्कळजण आगीने न मरता याच वायूने मरतात, हे ब्रिटिश शास्त्रज्ञ जॉन स्कॉट हॉल्डेन यांनी १८९०च्या दशकात दाखवून दिले आणि लहान प्राणी जवळ ठेवायला सुचवले. लहान पक्ष्याचा श्वास वेगवान, त्यामुळे माणसाच्या आधी तो कोसळतो आणि माणसाला मागे फिरायला वेळ मिळतो. १० मार्च १९०६ रोजी फ्रान्समधल्या कुरिएर खाणीत १,०९९ माणसे गेली, त्यानंतर बचावाच्या साधनांकडे साऱ्या युरोपचे लक्ष गेले. ब्रिटनमध्ये १९११ पासून बचाव केंद्रांवर कॅनरी ठेवू लागले.

पक्ष्यासाठी केलेला एक पिंजरा तर पाहण्यासारखा आहे. पुढे गोल दार, त्याला जाळी, आणि वर ऑक्सिजनची छोटी नळकांडी. पक्षी कोसळला की दार घट्ट लावायचे, ऑक्सिजन सोडायचा, पक्षी शुद्धीवर यायचा. ज्यांचा जीव त्या पक्ष्याने वाचवला त्यांनी त्याच्याही जिवाची सोय केली, हे मला फार मोलाचे वाटते. ब्रिटनमध्ये ही पद्धत १९८६ मध्ये इलेक्ट्रॉनिक यंत्रे आल्यावर थांबली.

बुडबुड्यांनी धातू वेगळा करण्याचा शोध काय होता?

ऑस्ट्रेलियातल्या ब्रोकन हिल इथे शिसे काढून झाल्यावर जस्ताने भरलेल्या मातीचे डोंगर पडून होते, पण जस्त वेगळे करता येत नव्हते. दळलेले खनिज पाण्यात थोड्या तेलासह घुसळून हवा सोडली तर खनिजाचे कण तेलामुळे बुडबुड्यांना चिकटून फेसाबरोबर वर येतात आणि दगडमाती तळाशी राहते, हे १९०२ ते १९०६ च्या दरम्यान तिथे आणि लंडनमध्ये अनेकांनी मिळून सिद्ध केले. पेटंटवरून इतके वाद झाले की प्रकरण १९१६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. बालाघाटजवळच्या मलंजखंडचे तांबे आजही याच फेसातून निघते.

भारतातल्या खाणींत ही यंत्रे तेव्हा होती का?

कोलारच्या सोन्याच्या खाणीत होती. १९०२ मध्ये कावेरीवरच्या शिवनसमुद्र इथली वीज सुमारे ९२ मैलांवरून कोलारला आणली गेली, आणि त्या काळी जगातल्या सर्वांत लांब वीजवाहिन्यांपैकी ती एक होती. नागपूर-भंडाऱ्याकडे मात्र चित्र उलटे. मनसरच्या परिसरात १९०० च्या सुमारास मँगनीज निघू लागले, रशियातल्या अशांततेमुळे पुढच्या काही वर्षांत मागणी भडकली, पण काम उघड्या खाणीत घण, पहार आणि डोक्यावरच्या टोपलीनेच चालले. मजूर स्वस्त होता, म्हणून यंत्राला निमंत्रण नव्हते. खाणींचा पहिला कायदा १९०१ चा, आणि तपासणीचे सरकारी खाते जानेवारी १९०२ मध्ये सुरू झाले. मनसरच्या त्या खाणींचा वारसा आज नागपूरच्या मॉइल या सरकारी कंपनीकडे आहे.

सायकलचे गिअर कधी आले?

मागच्या चाकाच्या हबमध्ये लपलेले तीन गिअर १९०२ मध्ये स्टर्मी-आर्चर या नावाने नॉटिंगहॅममधून आले. आत मधोमध एक दातेरी चाक स्थिर, त्याभोवती फिरणारी छोटी चाके, आणि बाहेर दातेरी कडे. कुठला भाग कुठल्या भागाला फिरवतो हे बदलले की वेग बदलतो. नावात हेन्री स्टर्मी आणि जेम्स आर्चर आहेत, पण ज्याने मूळ रचना केली तो विल्यम रायली नावातून गळला. आधीच्या एका कंपनीशी असलेल्या करारामुळे त्याच्या नावावर पेटंट घेता येत नव्हते. बाहेरचा, चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणारा गिअरही याच काळात फ्रान्समध्ये वापरात होता, पण टूर द फ्रान्स शर्यतीत तो सर्वांना वापरायला १९३७ पर्यंत परवानगी नव्हती.

क्लच वायर कुणाची कल्पना?

अर्नेस्ट बाउडन यांची, १८९६ ची. बाहेर गुंडाळलेल्या तारेची नळी, आत ओढली जाणारी तार. वळणातूनही ओढ पोहोचते, एवढेच तिचे रहस्य. आधी सायकलच्या ब्रेकला, मग मोटारसायकलला आणि विमानांनाही ती लागली. गॅरेजमध्ये आज जिला क्लच वायर किंवा ब्रेक वायर म्हणतात, ती हीच. रॅले सायकल कंपनीचे फ्रँक बाउडन वेगळे, गल्लत करू नका.

किक मारून गाडी सुरू करायची पद्धत कोणी आणली?

यॉर्कशायरच्या आल्फ्रेड अँगस स्कॉट यांच्या १९०८ च्या मोटारसायकलवर किक आली. त्याआधी पेडल मारत किंवा गाडी पळवत नेऊन वर उडी मारायची. रॉयल एनफील्डची पहिली मोटारसायकल १९०१ ची, तीही रेडिचच्या सायकल कारखान्यातून. कोल्हापूर-साताऱ्याकडे बुलेटवर जीव टाकणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावे की त्यांच्या गाडीची वंशावळही सायकलपाशीच जाते.

घोड्यावरच्या स्वारीत काही नवे घडले का?

घडले, आणि ते यंत्राविना. इटलीच्या घोडदळातले फेडेरिको काप्रिली यांनी उडी मारताना स्वाराने मागे रेलण्याची जुनी रीत सोडली. रिकिबी आखूड करायच्या, अंग पुढे झुकवायचे आणि लगाम सैल देऊन घोड्याची पाठ व मान मोकळी ठेवायची. घोडे निमूट उड्या मारू लागले. १९०७ मध्ये काप्रिली घोड्यावरून पडून गेले, पण पद्धत जगभर पसरली. खोगिरांचे बाजूचे पंख पुढे सरकले आणि गुडघ्याला टेकायला उंचवटा आला. आजचे उडीचे खोगीर त्यातूनच आले.

आमच्या घरी पणजोबांचा लोखंडी नांगर आहे. तो किती जुना आहे हे कसे ओळखायचे?

आधी कोरड्या ब्रशने माती झाडा. वाळूचा कागद आणि रंग लावू नका, त्याने खुणा जातात. ओतीव भागांवर उठावाची अक्षरे किंवा आकडे असतात. कारखान्याचे नाव आणि नांगराचा नंबर बहुधा इसाडाजवळ किंवा मातीपलटी पत्र्याच्या मागच्या बाजूला मिळतो. तिरप्या उजेडात फोटो काढला की झिजलेली अक्षरेही वाचता येतात. फाळ मूळचा असेलच असे नाही, तो अनेकदा बदललेला असतो, त्यामुळे वय ठरवताना मुख्य ओतीव भागच धरा. घरातल्या वृद्धांना हा नांगर ओढायला किती बैल जुंपत, कोणत्या रानात चालवत आणि फाळ कुठून आणत ते विचारून लिहून ठेवा, कारण हे नांगरावर कोरलेले नसते. मग गंज वाढू नये म्हणून लोखंडाला जवसाच्या तेलाचा पातळ हात द्या आणि नांगर विटांवर, जमिनीपासून उंच ठेवा.